इंदूचा चष्मा

वर्तकनगर, ठाणे
२४ ऑगस्ट

अंतरा,

'प्रिय' लिहिलेलं नाही, बघितलंस ना? मुद्दाम नाही लिहिलं.

फोन सोडून कागद कशाला, असं वाटेल तुला. फोनवर मी भांडेन, तू रडशील, आणि तू रडलीस की मी हरते. कॉलेजच्या एकांकिकांपासून हे असंच चालत आलंय. कागदावर तुला मधे बोलता येत नाही. विश्रामकाका माझ्या साड्यांची बॅग परत द्यायला आलेले, त्यांनाच म्हटलं, जाताना हे घेऊन जा. म्हणाले, "उभं आयुष्य नाटकाचा मॅनेजर आहे गं, तुमची भांडणं वाहून न्यायची सवय आहे मला."

तर मुद्दा. नारळ.

आपल्या संस्थेची रीत मला शिकवू नकोस. भूमिका बदलली की नवीन नटी जुनीच्या घरी नारळ घेऊन जाते, 'भूमिका द्या' म्हणते, आणि जुनी तिला त्या भूमिकेतली एक वस्तू आपल्या हातानं काढून देते. मी नवी होते तेव्हा अशीच नंदाताईंकडे बाळकुमला गेलेले. त्यांनी मला अंबाड्याचा आकडा दिलेला, वर पोटभर जेवायला घातलेलं. तू मार्चमध्ये आलीस, बेल वाजवत राहिलीस. मी घरातच होते. दाराच्या आत उभी राहून भिंगातून तुला बघत होते. भिंगातून तुझं नाक फार मोठं दिसतं. शेवटी तू नारळ उंबऱ्याशी ठेवून गेलीस. तो आमच्या फ्रिजवर आहे. आमचा नवरोबा विनीत म्हणाला, चटणी करू या. मी म्हटलं, हात तर लावून बघ.

आणि चष्मासुद्धा माझ्याकडेच आहे. त्या दिवशी कल्याणहून निघताना गाडीत विनीतनं सांगितलं, अगं, इंदूचा चष्मा घालून बसलीयस. तो तुला मिळणार नाही.

आता माझ्या तोंडून एकदा नीट ऐक, काय झालं ते. दुसरा अंक. शेजारच्या मालतीकाकू मोरावळ्याची वाटी घेऊन येतात आणि इंदूला सांगतात की तिचा घर सोडून गेलेला नवरा साताऱ्यात आहे, मजेत आहे, तब्येत सुधारलीय. इंदू चष्मा काढते, पदरानं पुसते, परत घालते आणि म्हणते, "बरं झालं. जेवत तरी असतील वेळेवर." आणि टाळी! एक प्रयोग असा गेला नाही की तिथे टाळी आली नाही. ते चष्मा पुसणं संहितेत नव्हतं, मी शोधलेलं, मी. 'मोरावळा' बघून आलेली माणसं घरी जाऊन तेच करून दाखवायची.

त्या दिवशी कल्याणचं अत्रे रंगमंदिर भरलेलं. मी चष्मा काढला, पुसला, घातला. पुढे काही नाही. वाक्य विसरले असं नाही गं. समोर कोण बसलंय, हे हात कोणाचे, मी इथे कशाला उभी आहे, काहीच कळेना. छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं झालं. आणि तू, नाटकातली माझी नणंद वनिता, पुढे आलीस, माझा खांदा धरलास आणि म्हणालीस, "बरं झालं म्हण, वहिनी. जेवत तरी असतील वेळेवर." धो धो टाळ्या. माझ्या वाक्याला, तुला.

आपल्या धंद्यात सगळं माफ आहे. उशिरा येणं, दुसऱ्याची पावडर वापरणं, सहनटीचा नवरा पळवणंसुद्धा लोक विसरतात. दुसऱ्याची टाळी खाणं माफ नाही. आणि पुढच्या रविवारी इंदू कोण, तर तू. आयत्या बिळावर नागोबा.

मी मजेत आहे. मला काहीही झालेलं नाही, मी विश्रांती घेतेय. एवढंच कळवायचं होतं.

संचिता


वर्तकनगर
७ सप्टेंबर

अंतरा,

एवढं लांबलचक पत्र लिहिलं मी, आणि तुझं उत्तर दोन ओळी? "मी टाळी खाल्ली नाही. मला वाटलं तू पडशील, म्हणून तोंडाला आलं ते बोलले." आणि खाली बारीक अक्षरात, "नाक मोठंच आहे माझं." मला हसू आलं. हसू आलं म्हणून आणखी राग आला.

मी मजेत आहे हे खोटं लिहिलं होतं.

आमच्या मागच्या शाळेची घंटा तुला आठवत असेल. लांब, कर्कश, थेट आपल्या तिसऱ्या घंटेसारखी. ती वाजली की माझे तळवे भिजतात. एकदा तर भाजी निवडताना सुरीच हातातून पडली. मे महिन्यात विनीतनं बळेच नौपाड्यात नेलं, साड्यांच्या दुकानावर एक डॉक्टरबाई बसतात. मनाच्या. जिना चढताना मी तोंडाला ओढणी गुंडाळलेली, कोणी ओळखू नये म्हणून. वर गेले तर बाई म्हणाल्या, "मी तुमचा 'मोरावळा' दोनदा बघितलाय." कपाळ माझं!

गोळ्या दिल्या, त्या घेतेय. पण त्यांनी एक भलताच प्रश्न विचारला. "प्रयोग नसतो त्या दिवशी तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "प्रयोगाची वाट बघते." "आणि दौरा संपला की?" "पुढच्या दौऱ्याची."  मग म्हणाल्या, "जिथे कोणी टाळी वाजवणार नाही असं काहीतरी शिका."

म्हणून मी या वयात पोहायला जाते. हस. माझ्या बॅचमध्ये सगळी पोरं माझ्या कमरेएवढी, त्यातलं एक मला 'आजी' म्हणतं. पहिले कित्येक दिवस मी नुसती कडेचा दांडा धरून उभी. शिकवणारा विकी वैतागून म्हणाला, "मॅडम, तुम्ही पाण्याशी मारामारी का करताय? आडव्या पडा. पाणी उचलतं माणसाला." मी म्हटलं, मला नाही उचलणार. मागच्या आठवड्यात पडले आडवी, जीव मुठीत धरून. कान पाण्यात गेले, आवाज सगळे बंद झाले, आणि अंतरा, खरंच उचललं गं! मी काहीच करत नव्हते. एवढं अवजड शरीर माझं, आणि ते वर. मी तिथे आडवी पडून रडले. पाण्यात रडण्याची सोय ही की कोणाला कळत नाही.

आणि मी गोष्टी वाचते. फोनवर ऐकायच्या पुस्तकांसाठी. आमच्या कपड्यांच्या कपाटात बसते, दोन्ही बाजूंना गोधड्या, मांडीवर माइक. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली की थांबायचं, परत वाचायचं. काल एका गोष्टीत वाघ होता. मी, साठीचा म्हातारा पाटील आणि वाघ, तिघं त्या कपाटात होतो. बाहेर आले तर विनीत विचारतो, "गुरगुरलं कोण?" हे एवढं सगळं माझ्या घशात कुठे होतं, देव जाणे. इतकी वर्षं मी एकटी इंदूच घेऊन बसलेले.

हे तुला का सांगतेय? माहीत नाही. राग गेलेला नाही, हे लक्षात ठेव.

संचिता


वर्तकनगर
२८ सप्टेंबर

अंतरा,

काल मी घाणेकर नाट्यगृहात होते. बाल्कनीत, शेवटच्या रांगेत, टोपी घालून. विनीतनं तिकिटं काढलेली. तुला कळू नये म्हणून विश्रामकाकांना शपथ घातलेली, आणि ते पोटात ठेवणाऱ्यातले नाहीत, म्हणजे तुला माहीत असणारच.

गेल्या महिन्यात मी गेटपर्यंत येऊन रिक्षातून न उतरता परत गेलेले. ते तुला सांगितलं नव्हतं. काल उतरले. तिसऱ्या घंटेला विनीतचा हात इतका दाबला की आज तो डाव्या हातानं चहा पितोय.

आधी खरं सांगते मी कशाला आले होते. तुझी फजिती बघायला. चष्म्याची जागा तू कशी मारून नेतेस, ते बघायला. विश्रामकाका सांगत होते, त्यांनी दुकानातून अगदी तसाच चष्मा आणलेला, तू घातला नाहीस. म्हणालीस, "तिनं दिला तर घालीन." मला वाटलं, नाटकं करतेय मेली. आता चष्मा नाही तर ती जागा उघडी पडणार. बरं झालं.

मग पडदा उघडला आणि पहिला धक्का वेगळाच बसला. अगं, तो सेट! मी त्या घरात इतके संसार केले, पण ते घर मी कधी समोरून बघितलंच नव्हतं. मला ठाऊक ती मागची बाजू. खिळे, फळ्या, पायात येणाऱ्या वायरी. समोरून ते घर होतं. खिडकीतून उजेड येत होता. स्वयंपाकघरात कोणीतरी असल्यासारखं वाटत होतं. लोक म्हणायचे, तुमच्या त्या घरात राहायला यावंसं वाटतं, तेव्हा मला वाटायचं, बोलायची पद्धत आहे एक. काल मलाच वाटलं.

आणि इंदू आली. तू नव्हे, इंदू. मी तिला कधी पाहिलेलीच नव्हती, हे कळलं तुला? आयुष्यातली इतकी वर्षं जिच्यात काढली ती बाई मला काल पहिल्यांदा दिसली. ती चालते कशी, दार लावताना मान कुठे वळवते. माझ्या डोळ्यांसमोरून ती गेली आणि मला वाटलं, अरे, हिला मी ओळखते! ही तर आमच्या डोंबिवलीच्या चाळीत राहायची.

मग दुसरा अंक. मालतीकाकू झालेल्या नंदाताई मोरावळा घेऊन आल्या. साताऱ्याची बातमी दिली. मी श्वास धरला. आता काय करशील, चष्मा तर नाही.

तू काहीच केलं नाहीस.

नुसती उभी राहिलीस, काकूंकडे बघत. हात मोकळे, त्यांना काही काम नाही. इतकं थांबलीस की मी मनातल्या मनात ओरडले, बोल गं, बोल, मेलीस आता! आणि मग मला ऐकू आलं, की काहीच ऐकू येत नाहीये. तेवढं मोठं थिएटर. कोणी खोकत नव्हतं. माझ्या पुढच्या काकांच्या हातात वेफर्सचं पाकीट होतं, त्यांनी ते तसंच अर्धं धरून ठेवलेलं.  ती सगळी माणसं, कोणी मुलुंडहून आलेलं, कोणी कळव्याहून, रविवारची डुलकी सोडून आलेली, एका बाईसाठी श्वास धरून बसली होती. घाईत कोणीच नव्हतं. ती शांतता त्या बाईला उचलून धरत होती, विकीच्या त्या पाण्यानं मला उचललं तशी.

कल्याणला मी गप्प झाले, तेव्हाही हीच शांतता असेल ना गं? मी तिला घाबरले. मला वाटलं, हे लोक आता माझा घास घेणार.

मग तू म्हणालीस, "बरं झालं." आणि बऱ्याच वेळानं, हळू, "जेवत तरी असतील वेळेवर."

टाळी आली नाही. एकही नाही. माझ्या शेजारची बाई हुंदका दाबत होती आणि विनीत, ज्यानं हे नाटक पाठ होईपर्यंत बघितलंय, तो चष्मा काढून डोळे पुसत होता.

माझ्यापेक्षा चांगलं केलंस. लिहिलं एकदाचं.  मी टाळी घ्यायचे, तू ती घेतली नाहीस, सोडून दिलीस. मला तुझा इतका हेवा वाटला की पोटात दुखलं, आणि इतकं थक्क झाले की हेवा कुठे गेला तेच कळेना. मध्यंतरानंतर मी तुझ्यावर रागवायचं विसरूनच गेले.

आत भेटायला आले नाही.  चिडू नकोस.

संचिता


वर्तकनगर
१० ऑक्टोबर

अंतरा,

हे तुझंच कारस्थान आहे. नाही म्हणू नकोस.

विश्रामकाका आले, चहा घेतला, आणि छतावरच्या पंख्याकडे बघत म्हणाले, "नंदाताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मालतीकाकू कोण करणार, काही सुचत नाही." मी म्हटलं, सुचेल. म्हणाले, "फुले नाट्यगृहाचा एक तारखेचा प्रयोग लागलाय. डोंबिवली. तुझं माहेर." मी म्हटलं, काका, सरळ विचारा आणि सरळ नाही ऐका. जिथे मी इंदू होते तिथे मी मोरावळा द्यायला येऊ? चार वाक्यं बोलून जाऊ? लोक काय म्हणतील, बघा, डोकं फिरलं, आता बिचारीला वाटी धरायला ठेवलीय! त्यांनी चहाचा कप ठेवला आणि निघून गेले. बिस्किटंसुद्धा खाल्ली नाहीत.

दुसऱ्या दिवशी नंदाताई. स्वतः. बाळकुमहून रिक्षानं, तो गुडघा घेऊन, आमचे दोन जिने चढून. दारातच म्हणाल्या, "पाणी दे आणि ऐक. मी नायिका होते तेव्हा मला आईचं काम दिलं, मी आठवडाभर जेवले नाही. मग आजीचं दिलं, तेव्हा दोनच दिवस रुसले. मग एका मालिकेत मला मारून भिंतीवर लावली, हार घालून. रोज सुना माझ्यासमोर रडायच्या, मी घरी पाय वर करून टीव्हीवर स्वतःचा फोटो बघायची. बाई, फोटोलासुद्धा मानधन असतं!" आणि अशा हसल्या की माझी सासू आतून बघायला आली.

मग हसू थांबवून म्हणाल्या, "तू कल्याणला ब्लँक झालीस, त्याचं एवढं काय? मी किती वेळा झालेय. एकदा तर स्वतःच्या नवऱ्याचं नाटकातलं नाव आठवेना, 'अहो' म्हणून अंक काढला." मी विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाल्या, "वाटते की. अजून वाटते. ती येते, बसते, मी म्हणते बस बाई, मला काम आहे."

 ही बाई नायिका, आई, आजी, फोटो, सगळं होऊन परत अख्खीच्या अख्खी माझ्या सोफ्यावर बसून चकली खात होती. मी एक इंदू गेली तर आठ महिने दार लावून बसले.

जाताना फ्रिजवरचा नारळ दिसला त्यांना. कानाशी धरून हलवला. "पाणी आटलंय आतलं," म्हणाल्या. "कोणी आणलेला?" मी सांगितलं. त्यांनी नारळ परत फ्रिजवर ठेवला. नुसतं म्हणाल्या, "तिनं इंदूचा चष्मा अजून घातलेला नाही, माहितीये ना?"

डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांना वाटलेलं मी परवानगी मागतेय, मी खरं तर 'नको' म्हणवून घ्यायला गेलेले. त्यांनी विचारलं, "पुन्हा तसंच झालं तर?" मी म्हटलं, मग मी मरेन. "कल्याणला मेलात?" फी घेऊन असं बोलतात.

मी विश्रामकाकांना हो म्हटलंय. तुझ्यासाठी नाही. नंदाताईंच्या गुडघ्यासाठी.

संचिता


वर्तकनगर
२५ ऑक्टोबर

अंतरा,

आज तालमीत आपण नाटकाबाहेरचं एक वाक्य बोललो. तू म्हणालीस, "साखर कमी?" मी म्हटलं, "हो." आठ महिन्यांनी एवढंच. बाकी बाळकुमच्या त्या हॉलमध्ये सगळे आपल्याकडे असे बघत होते, जसं काही आता फर्निचर फुटणार आहे. तुझ्या जागी वनिता करणारी ती श्रिया तर बिचारी माझ्या पायाच पडली.

मालतीकाकूंना मी चष्मा लावलाय. इंदूचाच. तू बघितलंस. म्हातारीला चष्मा शोभतो, म्हणून लावलाय, दुसरं काही नाही. नाही, हेही खोटं. तो तुला हातानं द्यायचं मला अजून जमत नाहीये, आणि तुझ्यासमोर आणल्याशिवायही राहवत नाही.

आज मी तुला भीती सांगते, कारण विनीतला सांगितली तर तो झोपणार नाही. इंदू विसरली तर वनिता सांभाळून घेऊ शकते. तू घेतलंस. पण साताऱ्याची बातमी स्टेजवर फक्त काकूला माहीत असते. इंदूला नाही, वनिताला नाही. मी गप्प झाले तर तू ते वाक्य बोलूच शकत नाहीस. मला कोणी वाचवू शकत नाही आणि तुझा तो सगळा प्रवेश माझ्याबरोबर बुडेल. तुझी ती शांतता, जी मी घाणेकरला बघितली, ती माझ्या हातून मोडेल. एवढी सुंदर गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी बघितली नसती तर बरं झालं असतं.

चारच वाक्यं आहेत गं. मला वाघ येतो, पाटील येतो. पण हे "आमच्या ह्यांनी पाहिलं त्यांना साताऱ्यात" म्हटलं की जीभ जड होते.

हो म्हटलंय तर येते. पुढचं पुढे.

संचिता


डोंबिवलीहून आल्यावर, वर्तकनगर
३ नोव्हेंबर

प्रिय अंतरा,

परवा प्रयोगानंतर तुझ्याभोवती एवढी गर्दी, माझी मावशी, तुझा भाऊ, कॉलेजचे ते सगळे म्हातारे झालेले मित्र. बोलता आलं नाही. आलं असतं तरी मी काहीतरी वाकडंच बोलले असते. म्हणून परत कागद.

तिसरी घंटा झाली तेव्हा मी विंगेत होते, हातात वाटी. तळवे भिजलेले. नंदाताईंसारखं म्हणून बघितलं, बस बाई, मला काम आहे. ती बसली नाही, माझ्याबरोबर आत आली.

पहिलं वाक्य झालं. "इंदू, मोरावळा घातलाय, चाखून बघ." दुसरं झालं. लोक हसले, मला बरं वाटलं, आणि तिथेच, त्या बरं वाटण्यातच, सगळं गेलं. परत तेच. पाटा छातीवर, हात कोणाचे ते कळेना. तुझा चेहरा समोर दिसत होता पण तू अंतरा की इंदू, हे कळत नव्हतं. एक मात्र पक्कं कळत होतं, की आता मला वाचवणारं कोणी नाही. मी डोळ्यांनी म्हणाले असेन, गेले मी.

तू पुढे आलीस. मला वाटलं, आता ही बोलणार. काहीतरी जुळवून सांगणार, मला आत घालवणार. मी असते तर तेच केलं असतं.

तू माझ्या नाकावरचा चष्मा काढलास. पदराचं टोक घेतलंस आणि पुसायला लागलीस. सावकाश. आधी एक काच, तोंडाची वाफ देऊन. मग दुसरी. जसं सगळ्या डोंबिवलीला रात्रीच्या जेवणापर्यंत वेळच वेळ आहे. आणि काच पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, म्हणालीस, "बसा काकू. घाई नाही."

माझी टाळीची जागा होती ती. माझी, जिच्यासाठी मी तुला आठ महिने शिव्या घातल्या. ती तू तुझ्यासाठी घेतली नाहीस. मला थांबायला जागा हवी होती, म्हणून मला दिलीस.

मी बसले. ती शांतता आली, तीच, घाणेकरवाली. या वेळी मी तिच्या आत होते. मला वाटलेलं, आतून ती विहिरीसारखी असेल. नाही गं. ती उबदार असते. अंधारात माणसं असतात, आणि ती माझ्या बाजूची असतात! मला इतकी वर्षं कोणी हे सांगितलं कसं नाही? मी इतकी वर्षं त्यांना टाळ्या मागत राहिले, आणि ती नुसतीसुद्धा थांबायला तयार होती. मी रडायच्या बेतात होते, भीतीनं नाही, त्या प्रकारानं. इतकं मोठं काहीतरी रोज माझ्यासमोर बसलेलं असायचं, आणि मी त्याला पाठ केलेली वाक्यं ऐकवून घरी जायचे.

तू चष्मा परत माझ्या नाकावर ठेवलास. कानामागे काडी नीट बसवलीस, आई बसवते तशी. मला तू दिसलीस. अंतरा, एकांकिकेतली, नाक मोठं असलेली. आणि वाक्य आपोआप आलं. "आमच्या ह्यांनी पाहिलं त्यांना, साताऱ्यात. तब्येत सुधारलीय." मी ते कधी इतकं हळू म्हटलं नव्हतं. श्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं, संहितेत नसताना.

आणि मग तू उभी राहिलीस, हात मोकळे, आणि मी तिथे, हाताच्या अंतरावर, बसून तुला बघितलं. इतक्या जवळून कोणी बघत नाही. तुझ्या मानेची शीर उडत होती. तूही घाबरलेलीस! रोज घाबरतेस, आणि रोज थांबतेस. "बरं झालं," म्हणालीस, आणि मला वाटलं, हो गं, खरंच बरं झालं.

विनीत म्हणतो, प्रेक्षकांतल्या एकालाही कळलं नाही. शेजारचे एक आजोबा म्हणे बायकोला सांगत होते, "चष्मा पुसायचा काय सुंदर बसवलाय!" दिग्दर्शकांचा फोन आला आज, चष्मा कायम ठेवा म्हणून. मी म्हटलं, अंतराला विचारा.

डॉक्टरबाईंकडे सकाळी जाऊन आले. सांगितलं, परत झालं. त्या गंभीर झाल्या. मी म्हटलं, आणि मी मेले नाही. मग दोघीही हसत बसलो, बाहेरचा पेशंट खोळंबला. गोळ्या चालूच राहणार आहेत, पोहणंही. कपाटातही बसणार आहे, पुढच्या गोष्टीत म्हणे चेटकीण आहे. एकदम योग्य माणसाकडे आलेत.

घरी येऊन नारळ फोडला. आत गोटा झालेला, करवंटीपासून सुटून अख्खा बाहेर आला, खुटखुटीत. चाखून बघितला तर गोड. त्याचे काप तळून दिवाळीच्या चिवड्यात घातलेत. या पत्राबरोबर विश्रामकाका डबा देतील, रस्त्यात त्यांनी उघडला नाही तर.

रीतीप्रमाणे नारळाच्या बदल्यात मी तुला इंदूची एक वस्तू देणं लागते. चष्मा पाठवत नाहीये. तो आता काकूचा आहे, मला लागतो. पण पुसणं तुझं. ते मी दिलं तुला, माझ्या हातानं, मनापासून. घे.

फक्त नीट पुसत जा. परवा डावी काच तशीच होती, अर्धी डोंबिवली मला धुरकट दिसली.

तुझी
संचिता